नाव काढणे

स्ट्रॉमनेसच्या साप्ताहिकात मी जाहिराती घ्यायचे.
विकाऊ मेंढ्या, हरवलेलं मांजर, होडीचं इंजिन,
आणि आभार.
आभाराला ओळीमागे दोन पौंड दहा.

बुधवारी दुपारी एडविन रेंडल आला,
फेरीबोटीवरचा जुना इंजिनवाला.
टोपी काढून काउंटरवर ठेवली, उचलली,
पुन्हा ठेवली.
चिठ्ठीला चार घड्या, पाठीमागे बियाण्यांचं बिल.
लिहिलं होतं: शेजाऱ्यांनी, नर्सबाईंनी, बोटीवरच्या पोरांनी
जे काही केलं
'फॉर इंगा अँड आय',
त्याबद्दल.

मी ओळी मोजल्या. सहा.

तेवढ्यात मागच्या खोलीतून मिस हॅरकस आल्या.
बुधवारी त्या प्रुफं तपासतात.
अर्ध्या बेटाला त्यांनी व्याकरण शिकवलंय,
उरलेल्या अर्ध्याला त्यांची भीती वाटते.
पेन्सिल थेट तिथेच टेकली.
"आय नाही, एडविन. मी."

मी दचकले.
त्यांच्या भाषेतला 'मी' करत काही नाही,
त्याच्यासाठी केलं जातं, त्याला काहीतरी होतं,
वाक्याच्या शेवटी तो हात मांडीवर ठेवून बसतो.
आमचा 'मी' उठतो, जातो, भांडतो,
क्रियापदाची सगळी उस्तवार त्याच्याच गळ्यात.
एवढासा शब्द, समुद्र ओलांडला
की खुर्ची बदलतो.

"सोपं आहे," मिस हॅरकस म्हणाल्या,
चौथीच्या वर्गाला सांगावं तसं,
"अडलं की जोडीतलं दुसरं नाव काढायचं
आणि उरलेलं मोठ्याने वाचायचं.
कान बरोबर सांगतो."

एडविनने अंगठा ठेवला.
जाड अंगठा, नखाच्या कडेला अजून वंगण.
इंगा त्याखाली गेली.
तो वाचू लागला, जे काही केलं, फॉर,
आणि थांबला.
हीटर टकटकत राहिला.

आमच्याकडे नाव काढणं म्हणजे
आठवण काढणंसुद्धा.
अमकीचं नाव काढलं कुणी, की ती निदान
दारापर्यंत येऊन जाते.
हे मी बोलले नाही.
कुठल्या भाषेत बोलणार होते?

मग तो म्हणाला, अंगठा तसाच ठेवून:
"पूर्वी मी म्हणायचो, 'मी अँड इंगा'.
'मी अँड इंगा' आलो, 'मी अँड इंगा' निघालो.
ती टेबलाखालून लाथ घालायची.
'इंगा अँड आय', एडविन!
बँकेत, लग्नात, एकदा पाद्रीसाहेबांच्या घरी
सूप पिताना.
एकेचाळीस वर्षं. डावी नडगी.
आत्ता कुठे सवय लागली होती."

"तिथे ती बरोबर होती," मिस हॅरकस म्हणाल्या.
"आणि इथे?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
दोनची बोट धक्क्यापासून सुटत होती,
दोर अजून पाण्यातच.
पेन्सिल कानामागे गेली.
"सहा ओळी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"बारा पौंड साठ."

त्याने चिल्लर मोजून दिली. टोपी विसरला,
परत येऊन घेऊन गेला.

शुक्रवारी अंक निघाला.
दहाच्या आत तीन फोन आले.
एक वेस्ट्रेच्या निवृत्त हेडमास्तरांचा, नियमासकट:
दुसरं नाव काढून बघा, म्हणाले, लगेच कळेल.

हो, म्हटलं, चूक आहे.
कुणाची, ते कोणी विचारलं नाही.